अधिक माहिती नाही

माझ्यावर एकूण सहा शब्द खर्च झाले होते, नाव आणि जन्मसाल सोडून. 'अविवाहित. नोकरी, निवृत्त. अधिक माहिती नाही.' सकाळी दहाच्या सुमाराला टपालानं जाड पाकीट आलं, ते मी ओट्यापाशी उभ्याउभ्याच सुरीनं फोडलं, मधलंच एक पान उघडलं आणि नेमकी ही ओळ समोर आली. तेवढ्यात चहा उतू गेला. त्या ओळीचा आणि चहाचा तसा काही संबंध नाही. आई गेल्यापासून माझा चहा रोजच उतू जातो. पूर्वी ती आतल्या खोलीतून ओरडायची, "गॅस!" आणि मी हात पुढे करून बंद करायचो, म्हणजे चहा मी करतो असं आम्ही दोघं म्हणत असलो तरी अर्धा तीच करत होती. आता फडकं हाताशी ठेवलेलं असतं. त्या दिवशी मी फडकं हातात घेऊन तसाच उभा राहिलो. चहा ओट्यावरून फरशीवर गेला तरी ओळ पुन्हा पुन्हा वाचत होतो. चूक सापडत नव्हती. पूर्णविराम जागच्या जागी होते. चौतीस वर्षं मुद्रितशोधन करून पोट भरलेल्या माणसाला स्वतःच्या ओळीत सुधारायला एक टिंबही मिळू नये, याचं मला हसू आलं. मग फरशी पुसली.

पाकीट संपादकानं पाठवलं होतं. संपादक म्हणजे माझा चुलतभाऊ, माझ्याहून वर्षभरानं लहान, पाणीपुरवठा खात्यात इंजिनिअर होता. बासष्ट वर्षांपूर्वी आमच्या घराण्याच्या वंशावळीचं पुस्तक छापलं होतं, त्याची नवी आवृत्ती काढायची असं त्यानं निवृत्तीच्या दुसऱ्याच दिवशी ठरवलं, आणि तेव्हापासून सगळे नातेवाईक त्याला संपादकच म्हणतात. आधी चेष्टेनं म्हणायचे. त्याला ते आवडलं, त्यामुळे चेष्टा करणाऱ्यांचा विरस झाला. पाकिटात कच्ची प्रुफं होती आणि वर टाचणीनं लावलेली चिठ्ठी: 'दादा, तू या धंद्यातला. एकदा नजर घाल. महिनाअखेर परत हवीत.' मी गळ्यातला चष्मा डोळ्यांवर घेतला आणि पहिल्या पानापासून लागलो, कारण एकदा प्रूफ हातात पडलं की मला दुसरं काही करता येत नाही. मी टेलिफोनच्या यादीचा मुद्रितशोधक. घरोघरी ती जाडजूड यादी असायची, तिच्यातल्या प्रत्येक पानाच्या तळाशी छापायला जाण्याआधी माझी सही असे: 'पाहिले. बरोबर.' शहरातलं प्रत्येक नाव माझ्या डोळ्यांखालून गेलंय आणि त्यातला एकही माणूस मला ओळखत नाही. आमचं काम जोडीनं चालायचं. एकानं मूळ कागद मोठ्यानं वाचायचा, दुसऱ्यानं छापलेल्यावर पेन्सिल फिरवायची. अकरा वर्षं माझ्यासमोर एकच बाई बसली. ऑफिसात तिला सगळे 'समोरची' म्हणत, म्हणजे माझ्या समोरची. वाचायला सुरुवात करण्यापूर्वी ती पेपरमिंटची गोळी तोंडात टाकायची आणि पहिली पन्नासेक नावं जराशी जड जिभेनं वाचायची. एका वर्षी माझं स्वतःचं नाव यादीत आलं, तेव्हा ती थांबली. थांबली, की नुसती श्वास घ्यायला थांबली, हे मी अजून ठरवलेलं नाही. पुढच्या वर्षी तिची बदली झाली. निरोपाच्या दिवशी मी तिला एक पेन्सिल दिली, हे आठवलं की मला अजूनही उठून खोलीत दोन फेऱ्या माराव्या लागतात.

तीन दिवसांत पुस्तक वाचून झालं. तेरा पिढ्या, साडेआठशे माणसं. आमच्या घराण्यात फार कर्तबगार कुणी निपजलं नाही, पण काहीतरी प्रत्येकाबद्दल होतं. 'स्वभाव तापट.' 'उत्तम पोहणारा.' एका गृहस्थाबद्दल नुसतंच 'गळा गोड', तर एकाबद्दल 'तपकीर दोनदा सोडली.' घर सोडून गेलेले, बुडालेले, दोन बायका केलेले, एकही न केलेले. ज्यांना मूलबाळ नाही त्यांच्यासाठीही कुणीतरी एखादा बरा शब्द शोधून ठेवला होता. 'अधिक माहिती नाही' ही ओळ सगळ्या पुस्तकात दोनच ठिकाणी होती. एक माझ्यापुढे. दुसरी सहाव्या पिढीत, तीन भावांपैकी सगळ्यांत धाकट्यापुढे. थोरल्या दोघांच्या नावांखालून रेघा निघून पानंच्या पानं खाली उतरत होत्या, त्यातल्याच एका रेघेच्या टोकाला मी लोंबकळत होतो. तिसऱ्याच्या नावाखाली कोरा कागद होता. जन्मसाल नाही, मृत्यूचं साल नाही, बायको नाही, धंदा नाही. आणि त्याच्या नावाशेजारी संपादकाचं पेन्सिलीतलं प्रश्नचिन्ह: 'पुरावा न मिळाल्यास वगळणे.' मला स्वतःची ओळ वाचून जे वाटलं नव्हतं ते हे पेन्सिलीचं चिन्ह बघून वाटलं. मला धास्ती वाटली. मी लगेच फोन लावला.

"दादा, आपण शास्त्रशुद्ध करतोय सगळं," संपादक म्हणाला. "ज्याला आगा नाही की पिछा नाही, असा माणूस ठेवून करायचं काय?"

"पिछा आहे की. बाप आहे, दोन भाऊ आहेत."

"पण त्या माणसाचा स्वतःचा एक तरी कागद नको का? बाकी सगळ्यांचं कुठे ना कुठे काही सापडलं. हाच एक नग असा आहे."

"मग पुढच्या आवृत्तीत मीही जाणार."

तो मोठ्यानं हसला. "तुझं काय घेऊन बसलास! तू जिवंत आहेस. आणि तुझा फॉर्म तीनदा पाठवला मी, तीनदा. तू भरला असतास तर चार ओळी नसत्या आल्या? हे बघ, महिनाअखेरपर्यंत त्या माणसाचा एक कागद आण. काहीही चालेल. ठेवतो मी त्याला. शब्द देतो."

फॉर्मचं त्याचं खरं होतं. तिन्ही फॉर्म टेबलाच्या खणात होते. पहिला मी भरायला घेतला होता. नाव लिहिलं, जन्मतारीख लिहिली. पत्नी आणि अपत्ये या रकान्यांत सरळ आडव्या रेघा मारल्या, त्याचं मला काही वाटलं नाही. पुढे 'छंद' असा रकाना होता. तिथे मी पेन टेकवून बराच वेळ बसलो. मग काहीतरी कामासाठी उठलो तो परत बसलोच नाही.

माझं गणित त्या दिवसांत अगदी सोपं होतं. सहाव्या पिढीतल्या माणसाबद्दल इतक्या वर्षांनी एखादी गोष्ट सापडली, एकच, 'पकडीऐवजी दातांनी खिळे काढी' असली फालतू का होईना, तर अधिक माहिती नाही हे वाक्यच खोटं ठरतं. त्याच्यापुढे खोटं ठरलं की माझ्यापुढेही ठरलं. मी रोज डबा भरून जुन्या नोंदींच्या दफ्तराकडे जायला लागलो. तळघरातली खोली, लोखंडी फडताळं, हातमोजे घालून पानं उलटायची सक्ती. तिथली दफ्तरवाली बाई पन्नाशीची, दुपारी एक ते दीड डोळे मिटून बसायची आणि तेवढ्या वेळात कुणी हाक मारली तर डोळे न उघडता उत्तर द्यायची. पहिल्या दिवशी तिनं विचारलं, "तुमचे कोण लागतात?"

"खापरपणजोबांचे धाकटे काका."

तिनं बोटांवर मोजून पाहिलं. "एवढ्या लांबचं शोधत कुणी येत नाही. लोक येतात ते वाटण्यांच्या भांडणासाठी. यांच्यात वाटण्यासारखं काय होतं?"

"काहीच माहीत नाही. म्हणून तर आलोय."

"मग शोधा बाई," ती म्हणाली. मी बाई नव्हतो, पण तिची ती लकब होती. जन्ममृत्यूच्या वह्या, शाळांचे हजेरीपट, घरांच्या नोंदी, साथीत गेलेल्यांच्या याद्या. थोरले दोघे भाऊ चार-पाच ठिकाणी सापडले. दुसऱ्यानं तर शेजाऱ्याच्या भिंतीबद्दल सात तक्रारअर्ज केले होते. धाकटा कुठेच नव्हता. आणि जसजसा तो सापडेना तसतसा तो माझ्याकडे राहायला आला. दफ्तरातून परत येताना तो माझ्या डाव्या बाजूनं चालायचा. मी त्याला माझंच वय दिलं, साठ. किंचित पोक दिलं. चष्म्याची काडी दोऱ्यानं बांधायची सवय दिली, जी माझीच आहे. त्याला भाड्याची एक खोली दिली, खिडकी पश्चिमेला. तोही जेवताना समोर वर्तमानपत्र उघडून ठेवतो म्हणजे समोर कुणीतरी आहे असं वाटतं. तोही दुकानात एका माणसापुरतं सामान मागताना उगाच 'सध्या एवढंच द्या' असं म्हणतो, जणू उद्या घरी पाहुणे येणार आहेत. आईची खुर्ची मी तिच्या माघारी भिंतीकडे तोंड करून ठेवली होती, ती एके दिवशी फिरवली. मी त्याच्याशी बोलत नव्हतो. एवढं वेड लागलं नव्हतं. पण तो आहे हे मला बरं वाटत होतं. खरं सांगायचं तर मला तो हवा होता, आणि कित्येक वर्षांत कुणी हवं असल्याचं मला असं स्वच्छ कळलं नव्हतं.

एक गोष्ट मात्र मुद्रितशोधकाच्या डोळ्याला खुपत होती. आमच्या घराण्यात नावांच्या बाबतीत भलतीच काटकसर. आजोबांचं नाव नातवाला, त्याचं त्याच्या नातवाला. अशी सात-आठ नावं पिढ्यान्‌पिढ्या फिरताहेत. माझ्याच नावाचे पुस्तकात चौदाजण आहेत. तिसऱ्याचं नाव एकदाच आलं होतं. त्याच्या आधी कुणाचं नाही, नंतर कुणाचं नाही. म्हणजे पुढे कुठल्याच बाळाला त्याचं नाव ठेवावंसं वाटलं नाही, असा मी अर्थ लावला. काय केलं असेल त्यानं? वेडा होता? कुणाला फसवलं होतं? असेल तर असेल. माझी त्याच्यावरची माया त्यामुळे वाढलीच.

महिना संपायला नऊ दिवस उरले तेव्हा मी संपादकाकडे जाऊन जुन्या आवृत्तीचे कच्चे कागद मागितले. त्यानं माळ्यावरून बुटांची अकरा खोकी काढून दिली. पहिली आवृत्ती मास्तरआजोबांनी केली होती, माझ्या आजोबांचे चुलतभाऊ, हेडमास्तर. त्यांना पाहिल्याचं मला आठवत नाही, पण पहिलंच खोकं उघडलं आणि मला ते आवडले. एका माणसाला एक चिठ्ठी. पुढच्या बाजूला मजकूर, मागच्या बाजूला तो कुणी सांगितला, कुठल्या कागदात सापडला, तारीख. मागची बाजू भरल्याशिवाय पुढची खरी नाही, असा खाक्या. पुस्तकाच्या प्रस्तावनेत त्यांनी सात नियम छापलेत आणि ते पाळलेतही. नियम चौथा: नाव ठेवण्यापूर्वी निवर्तलेल्या अपत्यांची नोंद घेतलेली नाही. नवव्या खोक्यात या चौथ्या नियमाबद्दलची पत्रंच दोरीनं बांधलेली होती, चाळीसेक तरी. सगळी बायकांची. एकीनं लिहिलं होतं, 'पाचच दिवस होती, पण होती.' प्रत्येक पत्रावर मास्तरांनी लाल शाईनं उत्तराची नक्कल केली होती: 'क्षमस्व. नियम ४ पाहावा.' मला वाईट वाटलं, पण मास्तरांचं चुकलं असं वाटलं नाही. एकाला सूट दिली की यादी संपली. टेलिफोनच्या यादीत आम्हीही कुणाला सूट देत नव्हतो.

तिसऱ्याची चिठ्ठी सहाव्या खोक्यात मिळाली. नाव, आणि अधिक माहिती नाही. मी ती उलटली. मागची बाजू कोरी होती. सगळ्या चिठ्ठ्यांत ही एकच कोरी. आणि अक्षर मास्तरांचं नव्हतं. मास्तरांचं अक्षर बारीक, ताठ. हे गोल होतं, आणि वरची रेघ आधी एका दमात लांब ओढून मग तिला खाली अक्षरं टांगलेली, कपडे वाळत घालण्यापूर्वी दोरी बांधून घ्यावी तशी. ही दोरी मी पाहिली होती. कुठे पाहिली होती ते घरी येईपर्यंत आठवेना. किल्ली कुलपात घालताना आठवलं. आईच्या कपाटात, साड्यांच्या खाली, नाडीनं बांधलेला पत्रांचा गठ्ठा. आत्याची पत्रं. आत्या म्हणजे मास्तरआजोबांची मुलगी, वडिलांची चुलत-चुलतबहीण. आईचं आणि तिचं सूत चांगलं होतं, चाळीस वर्षं पत्रं चालू होती. आई गेल्यावर आत्याचं मला एक पत्र आलं होतं, त्याला मी उत्तर दिलं नव्हतं. मी गठ्ठ्यातलं वरचं पत्र काढलं, चिठ्ठी त्याच्याशेजारी धरली, रेघ ताडून पाहिली आणि पत्र न वाचता परत ठेवलं. त्यात काय लिहिलंय हे बघायचं मला सुचलंही नाही. मी अक्षर तपासत होतो.

आत्या सत्त्याऐंशीची, तिसऱ्या मजल्यावर, दिवसभर सोबतीला एक ताई. दार ताईनं उघडलं. आत्या खिडकीशी बसली होती, मांडीवर रुमाल पसरून जुन्या स्वेटरची लोकर उसवत होती. मी म्हणालो, "नमस्कार, तुम्ही मला ओळखलं नसेल."

"तुम्ही?" ती म्हणाली. "तुम्ही काय रे? लहानपणी अगं आत्या, अगं आत्या करत पदर ओढायचास. बस. उभा राहून जिन्याला शिव्या द्यायच्या असतील तर मनात दे, ताईला ऐकू येतात."

मी बसलो. काय बोलायचं याची सवय मोडली होती, म्हणून सरळ चिठ्ठी काढून तिच्या हातात दिली आणि संपादक या माणसाला काढून टाकणार आहे, एक तरी पुरावा हवाय, अक्षर तुझं दिसतंय, तर कुणी सांगितलं होतं तुला, असं एका दमात बोललो. आत्यानं चिठ्ठी डोळ्यांजवळ नेली नाही. नुसती बोटांत धरली. लोकरीचा गुंडा मांडीवरून घरंगळत भिंतीपर्यंत गेला, तो ताईनं उचलला.

"अण्णांनी सांगितलं," ती म्हणाली. अण्णा म्हणजे मास्तरआजोबा. "मी पंचवीसची होते. पुस्तक दोन दिवसांनी छापखान्यात जायचं होतं. मला हाक मारली, म्हणाले एक चिठ्ठी लिही. मी म्हटलं तुम्हीच लिहा की, लेखणी हातातच आहे. तर म्हणाले, नाही, तू लिही."

"पण त्यांना कुणी सांगितलं? कोण होता हा?"

"माझा भाऊ."

मला वाटलं वयामुळे तिच्या पिढ्यांचा गोंधळ होतोय. "आत्या, हा सहाव्या पिढीतला—"

"सहाव्या पिढीत घातला त्यांनी. मी नऊ वर्षांची होते तेव्हा तो झाला. अकरा दिवस होता. दुसऱ्या दिवशी नाव ठेवायचं होतं. आईनं नवं नाव शोधलं होतं, घरातलं जुनं नको म्हणाली होती." तिनं रुमालाची घडी घातली, उलगडली. "पुस्तक व्हायला आलं तेव्हा आई अण्णांना एकदाच म्हणाली, एवढी मेलेली माणसं घातलीत, माझा एक घाला. अण्णा म्हणाले, चाळीस बायकांना नाही म्हटलंय, आपल्या घरात हो कसं म्हणू? आई परत बोलली नाही. तिचं न बोलणं भारी पडायचं रे. आणि मग ही चिठ्ठी. कुणी कधी बघायला जाणार नाही अशा जागी ठेवला त्याला. मागच्या बाजूला काय लिहू विचारलं, तर अण्णा खोलीतून निघून गेले."

तिनं ताईला कपाटातलं पुस्तक आणायला सांगितलं. तिच्या आईची प्रत. ताईनं ते टेबलावर ठेवलं आणि ते आपोआप उघडलं, सहाव्या पिढीच्या पानावर. त्या पानाचा खालचा कोपरा मऊ आणि काळसर झाला होता. नावाखालचा कोरा कागद मात्र स्वच्छ होता.

माझ्या डोक्यात तो पोक काढून चालणारा म्हातारा होता, दोऱ्यानं बांधलेल्या चष्म्याचा, पश्चिमेच्या खिडकीचा. तीन आठवडे मी त्याच्याबरोबर जेवलो होतो. त्याला मी माझी सगळी साठ वर्षं दिली होती आणि तो अकरा दिवसांचा होता. मला अतिशय एकटं वाटलं, आई गेली त्या दिवसापेक्षाही. त्या दिवशी निदान माणसं होती.

"मग काय लिहिणार तू?" आत्यानं विचारलं. "खरं लिहिलंस तर अण्णा खोटे पडतात. त्या चाळीस घरांत अजून माणसं आहेत, विचारतील. आणि नाही लिहिलंस तर हा जातो. मी आहे तोवर आहे तो. मग?" तिनं पदरानं नाही, लोकरीनं डोळे पुसले आणि स्वतःच हसली. "जाऊ दे. तुझं काय लिहिलंय पुस्तकात?"

"काही विशेष नाही."

"वाच की."

मी वाचलं. सहा शब्द वाचायला फार वेळ लागत नाही. आत्यानं ऐकलं आणि तिला एकदम रागच आला. "अधिक माहिती नाही म्हणजे? कुणी विचारली? माझ्याकडे कुणी आलं विचारायला? अरे पाट्या, तुझी माहिती माझ्याकडे खोकंभर पडलीय!"

पाट्या. हे नाव मी पन्नास-पंचावन्न वर्षांत ऐकलं नव्हतं. पाच वर्षांचा असताना मी रस्त्यानं जाताना दुकानांवरच्या पाट्या मोठ्यानं वाचत चालायचो, एकही सोडायचो नाही, आणि एका पाटीवरची चूक दाखवायला म्हणून दुकानदाराला बाहेर बोलावलं होतं, असं आत्या सांगत होती. तो दुकानदार अण्णांकडे तक्रार घेऊन आला आणि अण्णांनी पाटी बघून त्यालाच झापलं. मला यातलं काही आठवत नव्हतं. आणि मग ताईनं खरंच एक खोकं आणलं. आईची पत्रं. आत्याची आईकडे होती तशी आईची आत्याकडे, आणि ती आईच्या बसक्या अक्षरात होती. हवं ते पत्र कितवं आहे हे आत्याच्या बोटांना माहीत होतं. तिनं ते ताईकडून वाचून घेतलं, आणि ताई एखादी यादी वाचावी तशी सरळ वाचत गेली: 'हल्ली सोमवारचा शर्ट स्वतः इस्त्री करतो, मला हात लावू देत नाही. ऑफिसात कुणीतरी आहे असं वाटतं. खिशात पेपरमिंटच्या गोळ्या सापडल्या, हा तर कधी खात नाही. मी विचारत नाही. विचारलं की गोगलगायीसारखा आत जाईल. तुम्हीही काही लिहू नका. फक्त कुणाला तरी सांगावंसं वाटलं.'

मी खिडकीबाहेर बघत होतो. समोरच्या गच्चीवर एक माणूस पाण्याच्या टाकीचं झाकण बसवत होता, ते बसत नव्हतं. आईला माहीत होतं. अकरा वर्षं ती 'गॅस' याखेरीज मला काही ओरडून बोलली नाही, आणि तिला माहीत होतं. गोळ्या मी समोरचीला द्यायला घेतल्या होत्या. दिल्या नाहीत, तेही माझ्या आईला बहुतेक कळलं असणार, कारण खिशातून काढून ती त्या मोजून परत ठेवत असणार. मला रडू आलं. ताई पत्र वाचायची थांबली आणि आत्या तिला म्हणाली, "तू पाणी आण जा. तो रडेल जरा." निघताना आत्यानं विचारलं, "परत कधी येणारेस?" मी म्हटलं, "रविवारी." हे मी कुणाला कितीतरी वर्षांत म्हटलं नव्हतं, म्हणून जिन्यावर स्वतःशी परत म्हणून पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी टेबल पुसलं, प्रुफं मांडली आणि लाल पेन घेतलं. छापील मजकूर कुणी खोडायला सांगितला असेल आणि तो खोडायचा नसेल, तर आमच्यात त्या शब्दांखाली एकेक टिंब देतात आणि समासात लिहितात, 'राहू दे'. मी तिसऱ्याच्या नावाखाली टिंबं दिली. अक्षरागणिक एक, अगदी सावकाश. समासात लिहिलं, राहू दे. मग संपादकाचा पुराव्याचा कागद घेतला. 'पुरावा' या रकान्यात लिहिलं: मूळ चिठ्ठी पाहिली. खात्री केली. 'माहिती देणारा' इथे माझं नाव घातलं. त्यापुढे 'नातं' असा रकाना होता. तिथे मला पुतण्याच्या नातवाचा नातू वगैरे काहीतरी हिशोब करून लिहायला हवं होतं. आत्याचा भाऊ तो माझा काका. मी 'पुतण्या' असं लिहिलं. सहाव्या पिढीतल्या माणसाचा अकराव्या पिढीतला पुतण्या. कुठल्याही नवशिक्या मुद्रितशोधकानं ही चूक पहिल्या वाचनात पकडली असती. चौतीस वर्षांत मी डोळ्यांना दिसणारी एकही चूक पुढे जाऊ दिली नव्हती. तळाशी लिहिलं, पाहिले, बरोबर, आणि सही केली.

मग माझी ओळ. तिच्यात फक्त शेवटचा शब्द बदलायचा होता. 'नाही' वर आडवी रेघ मारली आणि समासात त्याच्या जागी घालायचा शब्द लिहिला. आता ती ओळ अशी झाली: अविवाहित. नोकरी, निवृत्त. अधिक माहिती आत्याकडे. संपादक फोन करणार, चिडणार, हे काय लिहिलंयस म्हणून विचारणार. आत्या सत्त्याऐंशीची आहे. पुस्तकाच्या दोन आवृत्त्यांमध्ये बासष्ट वर्षं गेली, तिसरी कधी निघेल कोण जाणे, आणि निघेल तेव्हा ही ओळ चुकीची असेल, पहिलीच पुन्हा घालावी लागेल. ते त्या वेळचा मुद्रितशोधक बघेल. मी कॅलेंडरात पाहिलं. रविवारला अजून चार दिवस होते.